नली आपल्या पायानं आली

नवाबपुऱ्यातल्या आमच्या घराची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक होती आणि त्या भिंतीतून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मागाचा आवाज यायचा. पलीकडे हमीदचाचा हिमरूच्या शाली विणायचे. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून ते बसलेले असत. धोटा इकडून तिकडे सुटायचा, फणी ठोकली जायची, मग क्षणभर काहीच नाही. पुन्हा धोटा, पुन्हा फणी. पाहुणे आले की दोन दिवसांत कंटाळून म्हणायचे, कसं बाई राहता या कटकटीत! आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेले आणि माग थांबला, की तेवढं मात्र लगेच कळायचं. आई चुलीपुढून म्हणायची, "थांबला वाटतं," आणि आमच्या नलीच्या तोंडाकडे बघायची.

घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या आणि मागे फरसबंदी अंगण. अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत कारकून होते. निजामाच्या अमदानीत ते उर्दूतून शिकले, उर्दूतून नोकरीला लागले आणि त्यांच्या उर्दू मसुद्यांवर साहेबलोक खूष असत. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीची भाषा हळूहळू बदलली, आणि संसारी माणसाला पोरासारखं नव्यानं लिहायला शिकावं लागलं. कालपरवा लागलेली मुलं त्यांच्या कागदावर लाल खुणा करून द्यायची. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण घरी आल्यावर ते कुठल्याच गोष्टीत मत देईनासे झाले. चहा हवा का विचारलं तरी म्हणायचे, "तुम्ही म्हणाल तसं." घरातले निर्णय आई घ्यायची, आणि फुलंब्रीहून आत्या आली की आत्या घ्यायची. आत्या अण्णांची थोरली बहीण. ती यायची तीच मुळी जोंधळ्याचं पोतं, ओल्या शेंगा आणि दहा जणांना पुरेल एवढा सल्ला घेऊन.

नली माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. दिसायला आमच्या सगळ्यांत उजवी, हे आईला फार लागून राहिलेलं होतं. जणू देवानं मुद्दाम डिवचायला तसं केलं होतं. ती बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती, पण दोन खोल्यांपलीकडे कुणी शेंग फोडली तर तिला ऐकू यायचं, त्यामुळे बहिरी म्हणायची सोय नव्हती. टाचा उचलून, चवड्यांवर चालायची. अंगणातल्या फरशांच्या सांध्यांवरून बोट फिरवत तासन् तास बसायची. आणि खायची फक्त भाकरीचा पापुद्रा. भाकरी टम्म फुगली की वरचा पातळ पदर सोलून, त्याला खालच्या पिठाचा कणही लागू न देता, तो तिच्या ताटलीत कोरडा ठेवायचा. वरणाचा थेंब लागला तर ताटली भिंतीवर जायची. आई रोज तिच्या एकटीसाठी पाच-सहा भाकऱ्या सोलायची आणि उरलेला जाड, ओला भाग आम्ही सगळे अंबाडीच्या भाजीबरोबर खायचो. पापुद्रा असलेली भाकरी मी किती वर्षं खाल्ली नव्हती, हे मला लग्न झाल्यावर कळलं.

भिंतीपलीकडचा माग हा तिचा खरा सोबती. पहिल्यांदा ती चालत पलीकडे गेली तेव्हा आम्ही गल्लीभर शोधत होतो आणि ही चाचांच्या खड्ड्याच्या काठाशी बसून धोटा बघत होती. चाचांची बायको, जिला आम्ही खाला म्हणायचो, तिच्यावर पदर धरून उभी होती. आई शरमून तिला उचलायला गेली तेव्हा खाला म्हणाली, "रहने दे बाई. किसका क्या लेती उने? बैठी है चुपचाप. मेरे घर के बच्च्यां से तो अच्छी है." त्या दिवसापासून नलीचं अर्धं बालपण पलीकडे गेलं. खालानं कधी तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही, तिला कधी हाकही मारली नाही. अशा मुलांना शिकवण्यात पस्तीस वर्षं घालवल्यावर सांगते, पहिल्याच दिवशी एवढं शहाणपण असलेली माणसं मला फार थोडी भेटली.

पण माग थांबला की नली घराबाहेर पडायची आणि मग तिला रस्ता, विहीर, जनावर काही कळत नसे. एकदा ती शहागंजच्या वाटेवर टांग्याच्या घोड्यासमोर उभी सापडली. टांगेवाल्यानं लगाम खेचला म्हणून वाचली. त्या संध्याकाळी आईनं मला सांगितलं, "विजू, आता दिवाळीनंतर शाळंत जायचं नाय. हिच्यावर कुनीतरी डोळा ठेवाया पायजे. मला भाकऱ्या टाकू का हिच्यामागं पळू?" मी आठवीत होते. गणितात वर्गात पहिली होते, आणि मला मॅट्रिक व्हायचं होतं. हे मोठं काही नव्हतं, तेवढंच एक होतं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "आई म्हणते तसं कर."

सकाळी साडेदहाला आमच्या दारावरून मुली शाळेत जायच्या. मी नलीला आतल्या खोलीत घेऊन बसायची, म्हणजे त्या मला दिसू नयेत आणि मी त्यांना दिसू नये. मला नलीचा राग यायचा. हे मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही. भावंडांना असं वाटणं साहजिक असतं हे हल्ली आम्हीच पालकांच्या सभेत सांगतो, पण तेव्हा तसं सांगणारं कुणी नव्हतं. मी तिला चिमटे काढले आहेत. एकदा तिची ताटली मुद्दाम वरणात बुडवली आहे.

झालं असं, की एका दुपारी मी रडून रडून थकले आणि भिंतीला टेकून तशीच बसले. हात बाजूला जमिनीवर उताणा पडला होता. नली कोपऱ्यात होती, मी तिच्याकडे बघतही नव्हते. बराच वेळ गेला असावा. तळहाताला काहीतरी गार लागलं. नलीची दोन बोटं होती. ती माझ्या हातावरच्या रेषांवरून बोट फिरवत होती, फरशीच्या सांध्यांवरून फिरवायची तसं. मी श्वास रोखून धरला. जन्मल्यापासून तिनं कुणाला आपणहून हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तशीच बसले. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवड्यानं आली.

मग मला नादच लागला. शाळा गेली होती, तेव्हा हेच माझं गणित झालं. किती वेळ बसायचं, कुठं बसायचं, कुठल्या वेळेला ती येते आणि कुठल्या वेळेला नाही, हे मी डोक्यात जुळवत राहायची. तिच्याकडे बघायचं नाही. हाक मारायची नाही. हात जमिनीवर ठेवायचा आणि आपण तिथं नाहीच असं समजायचं. ती आली, बोटं ठेवली, अगदी सगळा हात ठेवला, तरी आपली बोटं मिटायची नाहीत. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण एकदा मिटली तर ती पुन्हा येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पावसाळा संपेस्तोवर ती माझ्या हातावर हात ठेवून मागे मागे चालू लागली. तिचं न्हाणं विनाओरडा होऊ लागलं. वेणी घालून घेऊ लागली. एकदा तर पापुद्र्याला लागलेलं तूप तिनं चाटलं आणि आई स्वयंपाकघरातून उठून देवापाशी जाऊन बसली. आणि हिवाळ्यात एका शुक्रवारी, माग बंद पडल्यावर, नलीनं माझं बोट धरलं, भिंतीकडे ओढलं आणि म्हणाली, "ख." खट्-खट् मधला ख. तिला माग हवा होता आणि ती तो मला मागत होती. मी धावत जाऊन आईला सांगितलं. आईनं नलीपुढे बसून दहा वेळा "ख म्हन, ख म्हन" केलं. नली तिच्या खांद्यावरून छताकडे बघत राहिली. आई मला म्हणाली, "तुला आपलं काहीतरी ऐकू येतंय."

आज माझ्या केंद्रात नलीसारखी दोन-अडीच वर्षांची लेकरं घेऊन आईबाप येतात. पहिले तीन-चार दिवस मी खोलीत चटईवर नुसती बसून असते. मूल त्याच्या कोपऱ्यात, मी माझ्या. काचेपलीकडे बाप अस्वस्थ होतो. परवा एकानं विचारलंच, "मॅडम, शिकवायला कधी सुरुवात करणार?" त्याला काय सांगू? जे मला येतं ते मी चौदाव्या वर्षी, रागानं रडत, एका कोपऱ्यात बसून शिकले. पुढे दवाखान्यांत आणि प्रशिक्षणांत मला त्याची नावं कळली, तेवढंच.

पण मी नलीचं सांगत होते. चैत्रात आत्या आली. नलीला पाच वर्षं पुरी झाली होती. आत्यानं तिला आपादमस्तक न्याहाळलं, कपाळाला हात लावला आणि पाटावर बसता बसता आईला म्हणाली, "वयनी, लेकराची वाचा बसलीय. अजून बी टाइम हाय. आमच्या तिकडं एक म्हातारी हाय, डाग देती. पाटलाच्या नातवाला दिला, सहा महिन्यांत बोलाया लागला बघ."

"भाजल्यावर बोलतं व्हय लेकरू?" आई म्हणाली. तिच्या आवाजात नाही नव्हतं, विचारणं होतं.

"भाजत नाय, डागत असतेत. मानंच्या खाली, तीन जागी, दाभणाच्या टोकानं. एवढं एवढंसं. पर एक हाय." आत्या पुढे सरकली. "लेकरू आपल्या पायानं यायला पायजे. धरून आणलं, बांधून बसवलं, तर डाग वाया जातो. आपल्या पायानं यावं, मांडीवर बसावं, मगच गुण. म्हातारी लई कडक हाय त्या बाबतीत. रडतं लेकरू बघितलं तर चहा पिऊन माघारी जाती."

त्यावर दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी दारात बसून शेंगा सोलत होते. मला तेव्हाच सगळं कळलं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता असं पुढे कुणी म्हणू नये, मीही म्हणणार नाही.

आईनं मला जबरदस्ती केली नाही. ती मागच्या अंगणात माझ्या केसांना तेल लावत होती तेव्हा म्हणाली, "विजू, मी काय दुष्मन हाय का तिची? उद्या मी मेल्यावर हिचं कोन करील? तू करशील जलमभर?" तिची बोटं केसांतून फिरत होती. मग ती म्हणाली, "बोलाया लागली, हाकंला यायला लागली, की तुझं नाव परत शाळंत घालते. देवाशपथ घालते. जूनमधीच." एवढं ऐकल्यावर मला जे वाटलं ते मला आजही ओळखता येतं. ती भीती नव्हती. मला हवं होतं ते कुणीतरी माझ्यापुढे ठेवलं होतं.

खालाला भिंतीतून सगळंच ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी ती परातीत खिचडी झाकून घेऊन आली, आईच्या हातात दिली आणि उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "बाई, मैं तेरे घर के मामले में बोलती नई. पर बच्ची कू आग मत लगा. उसकू कुछ नई हुआ. उने ऐसीच है." आई परात रिकामी करून धुऊन परत देत म्हणाली, "खाला, तुमची पोरगी असती तर?" खाला म्हणाली, "मेरी रहती तो भी मेरे पास बैठी रहती," आणि गेली. आईनं ती खिचडी आम्हाला वाढली, स्वतः घेतली नाही.

आत्यानं शुक्रवार ठरवला. तिच्या दृष्टीनं तिथी चांगली होती; मला एवढंच माहीत होतं, की शुक्रवारी दुपारी माग बंद असतो आणि नली घरी असते. अण्णांना सकाळी डबा देताना आईनं सांगितलं, "आज ती फुलंब्रीकडची बाई यायची हाय." अण्णांनी डबा घेतला. दोन पावलं गेले, परत आले, काहीतरी विसरल्यासारखं खुंटीकडे पाहिलं, आणि टोपी डोक्यावरच होती तरी ती हातात घेऊन पुन्हा घातली. मग गेले.

म्हातारी अकराच्या मोटारीनं आली. मी तिला राक्षसीण समजून बसले होते, तर ही बुटकीशी, स्वच्छ लुगड्यातली, बोलायला गोड बाई. हातपाय धुतले, आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायली, माझ्या गालावरून हात फिरवून विचारलं, "कितवीत हाय गं?" मी म्हणाले, "आठवीत." खोटं होतं ते. ती म्हणाली, "शिक माय. लई शिक." मग तिनं कमरेच्या पिशवीतून दाभण काढलं, पदरानं पुसलं आणि शेगडीतल्या निखाऱ्यात ठेवलं.

नली मधल्या खोलीच्या कोपऱ्यात होती, चवड्यांवर झुलत. अनोळखी माणूस घरात आलं की ती तशी झुलायची. आत्यानं दोनदा लाडीगोडीनं बोलावलं, तेव्हा तिनं कानांवर हात ठेवले. आईनं पापुद्रा पुढे केला. नाही आली. म्हातारी दाराआडून म्हणाली, "घाई नगा करू. यील." आई माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "विजू, तू बस."

मी भिंतीला टेकून बसले. हात जमिनीवर ठेवला. उताणा. छताकडे बघत राहिले. घरात इतकं शांत होतं, की शेगडीतला कोळसा तडकलेला ऐकू आला. मला वाटत होतं, येऊ नये. आणि मला वाटत होतं, यावी. दोन्ही अगदी खरं होतं. थोड्या वेळानं झुलणं थांबल्याचं कळलं. चवड्यांवरची पावलं जवळ आली. आधी दोन बोटं, मग सगळा हात. मग त्या दिवशी तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. बाहेरच्या माणसांना घाबरून असेल, ती माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझ्या छातीला टेकली. आत्या दारातून कुजबुजली, "आली गं बाई, आपल्या पायानं आली!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईनं मान हलवली. मी बोटं मिटली.

पहिल्या डागाला नली ओरडली नाही. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत. पाच वर्षांत तिनं कधी कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. पुढचे दोन डाग होईस्तोवर ती ओरडत होती, माझ्या मनगटाला चावत होती आणि मी तिला धरून होते, कारण आत्या म्हणत होती, "धर, धर, आता सोडू नगं, सगळं वाया जाईल." चामडीचा वास आला. बाहेरचं दार खाला दोन्ही हातांनी बडवत होती.

संध्याकाळी अण्णा आले. नली पालथी झोपली होती. त्यांनी तिच्या मानेवरचं फडकं उचललं, बघितलं आणि पुन्हा ठेवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी या गोष्टीसाठी आईला केव्हाच क्षमा करून टाकली. अण्णांना करायला मला फार वर्षं लागली. आणि तिसऱ्या माणसाचा हिशेब अजून चालू आहे.

जखमा महिनाभरात भरल्या. नली बोलली नाही, हे सांगायला नकोच. पण तिला झालं ते वेगळंच, आणि ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला म्हातारीचं काही नव्हतं. ती नंतर एकदा बघायला आली तर नली तिच्या पिशवीच्या नाडीशी खेळत राहिली. आत्या तिला कडेवर घ्यायची. आईच्या हातून ती पापुद्रा घ्यायची. माझ्याजवळ मात्र ती येईना. येईना म्हणजे काय, मी खोलीत पाऊल टाकलं की भिंतीवर डोकं आपटू लागायची. मी कुठंही जमिनीवर बसले तर घर डोक्यावर घ्यायची. मी उभ्यानं जेवू लागले. वाटायचं, होईल आठवड्यानं, होईल महिन्यानं. मी दाराआड बसून वाट बघायची, तिला दिसणार नाही अशी. तिला दिसायची नाही, पण कळायचं. "ख" हे अक्षर पुन्हा कधी ऐकू आलं नाही. आईनं तर ते मुळात ऐकलंच नव्हतं. त्यामुळे काय गेलं ते घरात मला एकटीलाच माहीत होतं.

दिवसभर ती पलीकडे राहू लागली. मी एकदा तिला बघायला गेले, नुसतं दारातून. खालानं मला बाहेरच थांबवलं, माझ्या मनगटावरचा चावा पाहिला, त्यावर स्वतःच्या पदराचं टोक फिरवलं आणि म्हणाली, "बेटा, तू इधर आ नक्को. तेरे कू देखके उने रोती." खाला मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

केंद्रात येणाऱ्या प्रत्येक मुलाचा सदरा मी पहिल्या दिवशी मागून वर करून पाहते. अजूनही महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या पाठीवर किंवा पोटावर ते गोल डाग दिसतातच. आया पदर सारखा करतात, बाप दुसरीकडे बघतात. मी त्यांच्यावर ओरडत नाही. मला एवढंच विचारायचं असतं, की धरलं कुणी होतं, आणि ते मी विचारत नाही. एकदाच माझा तोल गेला. आमच्याकडच्या एका तरुण मुलीनं, फार हुशार मुलगी, एका मुलाला त्याची आवडती भिंगरी दाखवून जवळ बोलावलं आणि नर्सला इंजेक्शन देता यावं म्हणून धरून ठेवलं. काम सोपं व्हावं एवढाच तिचा हेतू. मी तिला सगळ्यांसमोर इतकं बोलले, की ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मला तिचा पत्ता माहीत होता. मी माफी मागायला गेले नाही.

सत्कारांत मला विचारतात, या कामाची प्रेरणा कुठून मिळाली. मी सांगते, धाकट्या बहिणीकडून. टाळ्या पडतात. नली चोविसाव्या वर्षी तापानं गेली. तोवर मी शिकून, नोकरीला लागून, परगावी होते. मी सुट्टीत घरी आले की तिला खालाकडे ठेवायचे आणि मी गेल्यावर आणायचे. शेवटपर्यंत हीच रीत राहिली. स्वमग्नता हा शब्द मी ऐकला तो ती गेल्यानंतर. प्रशिक्षणाच्या वर्गात भिंतीवर एक फिल्म दाखवत होते. त्यात एक मुलगी चवड्यांवर चालत होती. बाकीचे लिहून घेत होते, मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

आता ते लिहिते ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं. मी नलीला सांभाळायला घरी बसले होते. डाग दिल्यानंतर नली माझ्याकडे राहत नव्हती. दिवसभर ती पलीकडे असायची आणि मी घरात उभ्या उभ्या वावरत असायची. मेच्या शेवटी आई अण्णांना म्हणाली, "हिला घरी ठेवून तरी काय उपेग? जाऊ द्या शाळंत." म्हणजे नली बोलली नाही, हाकेला आली नाही, काहीही झालं नाही, तरी मला शाळा मिळाली. आईनं शब्द पाळला असंही म्हणता येत नाही, मोडला असंही नाही. त्या रात्री मला आनंद झाला. मनापासून झाला. मी गोधडीत तोंड खुपसून हसले. ते हसू कसं होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे, आणि त्यात दुसरं काही मिसळलेलं मला सापडलेलं नाही.

जूनमध्ये अण्णा मला घेऊन शाळेत गेले. नाव पुन्हा आठवीतच घालायचं होतं. मोठ्या बाईंनी जुनं रजिस्टर काढलं, माझे गणिताचे गुण पाहून भुवया उंचावल्या आणि चष्म्यावरून अण्णांकडे बघत म्हणाल्या, "अहो, अशा मुलीला घरी बसवायची? दीड वर्ष वाया गेलं की हिचं. काय अडचण होती घरी?"

अण्णांनी टोपी हातात घेतली होती. ते टोपीकडे बघत राहिले.

"मिटली का आता अडचण?" बाईंनी विचारलं.

बाई उत्तराची वाट बघत टाक हातात धरून बसल्या. त्या चिडतील आणि रजिस्टर मिटतील, अशी मला भीती वाटली.

"हो बाई," मी म्हणाले. "मिटली."